मेहुण्याचं विमान आणि तुमचे तीन महिने

पत्र:

नमस्कार. मी आणि बायको, दोघंही कमावतो. तिचा पगार ठरलेला आहे. माझं काम कंत्राटी, त्यामुळे एखाद्या महिन्यात दुप्पट पैसे येतात, तर एखाद्या महिन्यात काहीच नाही. माझ्याकडे आठ वर्षांपासून एक साधं क्रेडिट कार्ड आहे. त्यावर कॅशबॅक नाही, पॉइंट्स नाहीत. घरखर्चातले महिन्याला साधारण ४०,००० त्यावरून जातात. मेहुण्याकडे मात्र तीन कार्डं आहेत. गेल्या वर्षी तो बायको-मुलीला घेऊन पॉइंट्सवर विमानाने फिरून आला. मला म्हणतो, "दाजी, तुम्ही दरवर्षी हातातले पैसे सोडून देताय." दीड टक्का कॅशबॅक देणारं एक कार्ड त्याने सुचवलंय, पहिल्या वर्षी फी नाही. तो मला रेफरलची लिंक पाठवणार आहे. बायको म्हणते, कुठलीही बँक कुणाला फुकट काही देत नाही, या भानगडीत पडू नका. दोघांपैकी बरोबर कोण? नवीन कार्ड घेतलं तर जुनं बंद करू का?

एक कबूल करतो. गेल्या वर्षी काम नव्हतं तेव्हा कार्डावरचे ६०,००० तीन महिने फेडता आले नाहीत. दर महिन्याच्या नव्या खर्चाएवढे पैसे भरत होतो, पण ते ६०,००० तसेच पुढे सरकत राहिले. नंतर सगळे फेडले.

— एक वाचक

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, थोडं संकोचून लिहिली आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या तीन महिन्यांत आहे.

आधी मेहुण्याच्या बाजूने हिशेब मांडू. महिन्याला ४०,००० चा खर्च, त्यावर दीड टक्का म्हणजे ६००. वर्षाचे झाले ७,२००. अगदी एकेका खर्चावर कॅशबॅक मिळाला असं धरून हा आकडा आला आहे. प्रत्यक्षात तो खाली येतो. भाडं, इंधन, विमा, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा यांतल्या काही ना काही गोष्टी बहुतेक कार्डांनी वगळलेल्या असतात, आणि महिन्याला जास्तीत जास्त किती मिळेल याचीही मर्यादा असते. तरी आपण ७,२००च धरू.

आता ते तीन महिने. कार्डावरच्या व्याजाचा दर देशोदेशी वेगळा असतो, आपण महिन्याला ३ टक्के धरू. ६०,००० वर महिन्याला १,८००, तीन महिन्यांचे ५,४००. हे दिसणारं व्याज. न दिसणारं आणखी एक आहे, आणि माझा अनुभव असा की वर्षानुवर्षं कार्ड वापरणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. खरेदी केल्यापासून बिल भरायच्या तारखेपर्यंत जी बिनव्याजी मुदत मिळते, ती मागचं सगळं बिल पूर्ण फेडणाऱ्यालाच मिळते. थोडी जरी बाकी पुढे गेली, तरी बहुतेक कार्डांवर ही मुदत उठते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागायला लागतं. म्हणजे त्या तीन महिन्यांत घरात आलेल्या किराण्यावर आणि विजेच्या बिलावरही तुम्ही व्याज भरलंय. ४०,००० चा खर्च महिनाभर पसरलेला असतो, म्हणून सरासरी अर्ध्या महिन्याचं व्याज धरलं तरी ते महिन्याला ६०० होतं. तीन महिन्यांचे १,८००.

५,४०० अधिक १,८००. झाले ७,२००.

म्हणजे ते कार्ड तुमच्याकडे असतं तर वर्षभरात जे मिळालं असतं, ते सगळं त्या तीन महिन्यांत निघून गेलं असतं. त्या वेळची स्टेटमेंट्स काढून तुमचा खरा आकडा बघा. व्याजावर लागणारं व्याज मी धरलेलं नाही, त्यामुळे तुमचा आकडा याहून मोठा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि एक सांगते, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काम नसताना घर चालवायचं होतं, ते तुम्ही चालवलंत, आणि नंतर सगळं फेडलंत. बिलावर बँक जी किमान रक्कम छापते, नुसती तेवढीच भरत राहिला नाहीत हे तर फारच चांगलं केलंत. बिलाच्या ५ टक्के किमान रक्कम भरत राहिलं आणि व्याज ३ टक्के असलं, तर नवी खरेदी पूर्ण थांबवूनसुद्धा कर्ज निम्म्यावर यायला अडीच वर्षांहून जास्त लागतात.

आता तुमच्या बायकोचं म्हणणं. बँक फुकट काही देत नाही हे त्यांचं वाक्य खरं आहे. मग कॅशबॅक येतो कुठून? तुम्ही कार्डाने पैसे दिलेत की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, त्यातून एक कट जातो. त्या कटातला मोठा हिस्सा, ज्याला इंटरचेंज म्हणतात, कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो. तुमचा कॅशबॅक हा त्यातलाच एक तुकडा असतो. दुकानदार तो खर्च किमतीत धरतो, त्यामुळे रोख पैसे देणाराही त्याचा भार उचलतो. हा कट कमी झाला की बक्षिसंही, म्हणजे कॅशबॅक आणि पॉइंट्स, आटतात, हे देशोदेशी दिसलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये इंटरचेंज खाली आणलं, त्यानंतर तिथल्या कार्डांचे पॉइंट्स हलके झाले आणि वार्षिक फी वाढल्या. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. जिथे बँकेलाच ०.३ टक्का मिळतो तिथे ती तुम्हाला दीड टक्का कुठून देणार? अमेरिकेत २०१० च्या कायद्याने मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवरच्या इंटरचेंजला मर्यादा घातली गेली, तेव्हा त्या कार्डांवरची बक्षिसं जवळपास दिसेनाशी झाली.

दुसरा पैसा येतो व्याजातून, म्हणजे त्या तीन महिन्यांतल्या तुमच्यासारख्या माणसांकडून. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कार्डांवर झालेल्या एका संशोधनाचा अंदाज असा आहे की बक्षिसांच्या कार्डांमुळे वर्षाला सुमारे १५ अब्ज डॉलर एका प्रकारच्या कार्डधारकांकडून दुसऱ्या प्रकारच्या कार्डधारकांकडे जातात. देणारे कोण? ज्यांचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, कमी आहे आणि जे बाकी पुढे ढकलतात ते. घेणारे कोण? ज्यांचा स्कोअर चांगला आहे आणि जे दर महिन्याला सगळं फेडतात ते. या वाटणीत उत्पन्नापेक्षा सवय जास्त मोजली जाते. चांगलं कमावणाराही चुकीच्या बाजूला सापडू शकतो.

तुमचा मेहुणा बहुतेक योग्य बाजूला आहे. तो खोटं बोलत नाही आणि तुम्हाला फसवतही नाही. जो माणूस बिल पूर्ण भरतो, तारखा सांभाळतो, कुठल्या कार्डावर काय घ्यायचं हे लक्षात ठेवतो, त्याला खरंच काहीतरी मिळतं. फक्त ते विमान त्याला नेमकं कितीला पडलं हे त्याने कधी मांडलं असेल असं मला वाटत नाही. तीन कार्डांच्या वार्षिक फी, पॉइंट्स मिळावेत म्हणून केलेली एखादी जादा खरेदी, पॉइंट्स होते म्हणूनच ठरवलेली सहल आणि त्या सहलीत पॉइंट्सवर न मिळालेले बाकीचे सगळे खर्च. हे त्याला विचारून त्याच्या आनंदावर विरजण घालू नका. पण तुमच्या निर्णयात त्याचं विमान मोजायचं असेल, तर हे सगळंही मोजावं लागेल.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तिच्याकडे येते. व्याज निदान स्टेटमेंटवर छापून येतं. जादा खर्च कुठेच छापून येत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना खेळाच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यायचे आहेत, काहींना सांगितलं की कार्डाने. तिकिटं तीच, माणसं सारखीच, पण कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीपर्यंत गेली. दुपटीचा हा फरक रोजच्या भाजीपाल्यात पडत नाही हे उघड आहे. पण पैसे हातातून जाताना जे टोचतं ते कार्डाने बोथट होतं, एवढं त्यातून कळतं. कॅशबॅक तर त्या टोचणीच्या जागी शाबासकी ठेवतो. खर्च केलात, छान, हे घ्या तुमचे पैसे!

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा भाग असलेल्या शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतून २०१० मध्ये आलेला एक अभ्यास याच मुद्द्यावर आहे. त्यात एका मोठ्या अमेरिकी संस्थेच्या ग्राहकांना कार्डावर १ टक्का कॅशबॅक सुरू झाल्यावर काय झालं ते पाहिलं. सरासरी २५ डॉलर कॅशबॅकच्या बदल्यात पहिल्या तिमाहीत लोकांचा खर्च महिन्याला ७९ डॉलरनी आणि कर्ज महिन्याला १९१ डॉलरनी वाढलं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वर जाऊन नीट तपासले होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

माझ्या बाबतीतही हे घडलंय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पॉइंट्सवालं कार्ड होतं. वर्षात ठरावीक खर्च झाला की वार्षिक फी माफ. वर्ष संपायला दहा दिवस होते आणि मला थोडंच कमी पडत होतं. मी एक प्रवासी बॅग घेतली. घरात चांगल्या दोन बॅगा होत्या. बॅगेची किंमत माफ झालेल्या फीच्या तिप्पट होती, आणि दुकानातून बाहेर पडताना मला मनापासून वाटत होतं की आज आपण पैसे वाचवले. पुढच्या वर्षी आई आजारी पडली, मी आठ-नऊ महिने त्या कार्डाच्या पॉइंट्सकडे बघितलंच नाही, आणि बघितलं तेव्हा निम्मे पॉइंट्स मुदत संपून गेले होते. त्या दिवसापासून मी बक्षीस हे उत्पन्न म्हणून मोजायचं सोडून दिलं.

याच कारणासाठी, घ्यायचंच झालं तर कॅशबॅक घ्या, पॉइंट्स नको. पॉइंट हे एक खासगी चलन आहे. ते छापणारी, त्याचा भाव ठरवणारी आणि तो कधीही बदलू शकणारी कंपनी एकच असते. विमान कंपन्यांचे मैल हा त्याचा सगळ्यात ओळखीचा नमुना. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली मैलांची योजना आणली, आणि नंतर जगभरच्या विमान कंपन्या आणि बँका त्या वाटेने गेल्या. आज अमुक मैलांत मिळणारं तिकीट उद्या जास्त मैल मागू शकतं आणि तुम्ही तक्रार कुठे करणार? कॅशबॅकमध्ये निदान शंभराला दीड म्हणजे दीड. १९८६ मध्ये अमेरिकेत डिस्कव्हर कार्ड आलं ते हाच साधेपणा घेऊन, वार्षिक फी नाही आणि खरेदीवर थोडे पैसे परत. कॅशबॅकमध्येही तो आपोआप बिलातून वजा होणारा घ्या. 'मागाल तेव्हा मिळेल' आणि 'इतके जमल्यावरच मिळेल' अशा अटी असतील तर त्यातला काही भाग राहून जातोच, आणि तो राहून जाईल हे कंपनीने आधीच धरलेलं असतं.

क्रेडिट कार्डाची जमेची बाजूही आहे. कुणी कार्डाचा गैरवापर केला तर वाद बँकेच्या पैशांवर होतो. डेबिट कार्डाच्या बाबतीत तेच पैसे तुमच्या खात्यातून आधी जातात आणि मग तुम्ही मागे धावता. वेळेवर फेडलेलं कार्ड पुढे घराचं कर्ज घेताना उपयोगी पडतं. पण हे दोन्ही फायदे तुमचं आत्ताचं साधं कार्डही देतंय. त्यासाठी नवीन कार्ड लागत नाही.

मग तुम्ही काय करावं? आज नवीन कार्ड घेऊ नका. सहा महिने थांबा, आणि या सहा महिन्यांत जुन्याच कार्डावर एक गोष्ट पक्की करा. बिलाची रक्कम खात्यातून आपोआप जाईल अशी सोय लावा. ती लावताना 'एकूण देय' निवडलंय ना, हे दोनदा बघा, कारण 'किमान देय' हा पर्यायही तिथे बाजूलाच असतो आणि घाईत बोट तिथे जातं. आणि तुमचं उत्पन्न कंत्राटी आहे म्हणून ही खास सूचना: कार्डाचा खर्च तुमच्या येणाऱ्या पैशांवर टाकू नका. तो बायकोच्या ठरलेल्या पगारातून जाऊ दे, आणि तुमचे चांगल्या महिन्यातले पैसे वेगळ्या खात्यात साठवा. निदान तीन महिन्यांचा कार्डखर्च, म्हणजे १,२०,००० तिथे जमले, तर पुन्हा काम नसलेला महिना आला तरी बाकी पुढे ढकलायची वेळ येणार नाही. तो साठा करायला वर्ष लागलं तर वर्ष लागू दे. हुकलेला दीड टक्का या साठ्याइतका मोलाचा नाही.

हे सगळं दोघांनी बसून ठरवा. तुमच्या बायकोने ज्या भानगडीची भीती व्यक्त केली, ती त्यांनी गेल्या वर्षी घरात बघितलेली आहे. त्या तीन महिन्यांत त्यांनाही ताण आला असणार. 'मेहुणा म्हणतो' असं म्हणून तो विषय मिटवू नका. स्टेटमेंट काढून तो ७,२०० चा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. मला वाटतं, त्यांना कार्डापेक्षा तो हिशेब तुम्ही स्वतःहून मांडलात याचंच जास्त बरं वाटेल.

सहा महिने एकदाही बाकी राहिली नाही आणि साठा वाढायला लागला, तर मग घ्या. एकच कार्ड, वार्षिक फी नसलेलं. पहिल्या वर्षी फी नाही आणि दुसऱ्या वर्षापासून आहे, असं कार्ड म्हणजे फी असलेलंच कार्ड, आणि मेहुण्याने सुचवलेलं त्याच जातीचं दिसतंय. सगळ्या खर्चावर सारखा दर देणारं बघा. अमुक दुकानात ५ टक्के, अमुक महिन्यात १० टक्के, असल्या कार्डांमुळे आपण दुकानं आणि महिने निवडायला लागतो. त्या कार्डावर तेच खर्च टाका जे कार्ड नसतानाही होणारच होते: वीज, फोन, इंटरनेट, किराणा. खरेदीच्या अ‍ॅपवर ते साठवून ठेवू नका, दर वेळी आकडे टाकायला लागू देत. तेवढ्या अर्ध्या मिनिटात बऱ्याच खरेद्या आपोआप रद्द होतात. त्यावरून रोख रक्कम कधीच काढू नका, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज असतं आणि कॅशबॅक नसतो. आणि तीन महिन्यांनी एकदा बघा, एकूण घरखर्च आधीपेक्षा वाढलाय का. महिन्याला ६०० नी जरी वाढला असेल तर कॅशबॅक संपला. मग ते कार्ड बंद करायला संकोच करू नका.

जुनं कार्ड मात्र बंद करू नका, त्यावर फी नसेल तर. आठ वर्षांचा नियमित फेडीचा इतिहास त्याच्याशी जोडलेला आहे, आणि तो पुढे कर्ज मागताना कामी येतो. त्याची लिमिट मात्र कमी करून घ्या, तुमच्या महिन्याच्या खर्चाच्या दुपटीपर्यंत आणली तरी पुरे.

आणि मेहुण्याची लिंक. ती आली की त्याला सांगा की सहा महिन्यांनी कळवतो. लिंकवरून कुणी कार्ड घेतलं की पाठवणाऱ्यालाही बहुतेक वेळा पॉइंट्स मिळतात, त्यामुळे तो दोन-तीनदा आठवण करेल. लिंकवर 'ऑफर याच महिन्यापुरती' असं लिहिलेलं असेल. अशा ऑफर पुन्हा पुन्हा येत असतात. तुम्ही तयार असाल त्या महिन्यातही एखादी चालू असेल.